खालच्या दोन ओळी

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हवाई दलात होते हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते विमान चालवत नव्हते, हे मात्र फक्त दादांना माहीत होतं, आणि त्यांनी ते कितीही वेळा सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. अंबडपासून गोदावरीपर्यंतच्या मुलखात ते ‘पायलट’ होते. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा लोखंडी ट्रंक, निळसर कोट आणि वेळेवर जेवायची वाईट सवय, एवढी कमाई त्यांच्यासोबत होती. मग शहागडच्या अलीकडे, आमच्या गावच्या फाट्यावर त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलं. लढाईत तेच काम केलं होतं, इथंही तेच केलं. तिथं विमानाची चाकं होती, इथं उसाच्या ट्रॅक्टरची. पण गावाला वाटायचं, एवढा मोठा माणूस साधेपणानं राहायचं म्हणून टायर काढून राह्यलाय. रस्त्यानं जाणारा कुणी थांबून विचारायचा, “पायलट, वरून आपलं गाव कसं दिसतं हो?” दादा म्हणायचे, “मी वर गेलोच न्हाई. मी खाली चाकं बदलायचो.” की तो माणूस डोळा मिचकावून सोबतच्याला सांगायचा, “शपथ असते त्यांना. सांगता येत न्हाई.”

आमच्या लहानपणावर त्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा आवाज पसरलेला आहे. दादांनी तो सुरू केला की गोदावरीतले मासे पैठणच्या धरणापर्यंत पळून जात. वर्गात गुरुजी कविता शिकवत आणि आम्ही पोरं फक्त त्यांचे ओठ बघत असू. मी तर एक पूर्ण वर्ष ओठ बघूनच पास झाले. दादा ओट्यावर डोळे मिटून पडलेले असले तरी हायवेवरचा ट्रक ऐकून सांगायचे, “मागचं आतलं टायर बसलंय.” थोड्या वेळानं तो ट्रक लंगडत दुकानासमोर येऊन उभा. असा कान देवानं दिलेला माणूस घरात मात्र बहिरा होता, कारण घरात माझी माय होती. माय चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता लढाई सांगायची. तिनं जालन्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं, पण कराची तिला आमच्या विहाराच्या अंगणासारखी पाठ होती. “ह्यांनी एका हातानं विमान धरलं,” ती म्हणायची, “दुसऱ्या हातात भाकरी अन् ठेचा, कारण सकाळपासून जेवले नव्हते. अन् पायानं बॉम्ब ढकलला.” भाकरी टम्म फुगायची, बॉम्ब पडायचा, येसराच्या आमटीला उकळी फुटायची. दादा तोंडात घास असताना एवढंच म्हणायचे, “मी चाकं बदलायचो.” माय म्हणायची, “तुमी गप जेवा.” मी तिची लेक. तेव्हा माझ्या सांगण्यातलं अर्धं कापून घ्या, आणि उरेल तेही थोडं झटकून घ्या. मात्र पुढं दगडाची जी गोष्ट सांगणार आहे, ती झटकू नका. तो दगड अजून जागेवर आहे.

दादांचं बोलणं एकाच माणसाला पटायचं, ती म्हणजे बी-अम्मा. ती रहीमची आई. रहीमचाचा आणि दादा एकाच दिवशी घरातून पळून भरतीला गेले होते, एकाच बराकीत राहिले आणि एकाच टोळीत चाकं बदलायला लागले. फरक एवढाच की लढाईत दादा राहिले आणि रहीमचाचा गेले. त्यांना तिकडंच, ते चाकं बदलत त्या विमानतळाजवळच्या कब्रस्तानात दफन केलं. बी-अम्माला तिकडं कोण नेणार? तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती कोंबडीसारखी घरभर पळायची. तिला दिसत काहीच नव्हतं, पण बोटं अशी की ज्वारीत हात घालून सांगायची, ही कुणाच्या वावरातली. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती काठी टेकत दुकानात यायची, पितळी डब्यात दादांसाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणायची, आणि दादा जेवेपर्यंत टायरवर हात फिरवत बसायची. रहीम हेच काम करायचा म्हणून. “किसन बेटा,” ती म्हणायची, “लोगां कबर पो जाते, हात लगाते, रोते. मैं किस को हात लगाऊं? ट्रॅक्टर के टायर को?” दादा जेवताना थांबायचे. त्या दिवशी कॉम्प्रेसरही बंद असायचा.

अशात आमच्या सरपंचांना, अण्णांना, देशभक्तीचा झटका आला. झटक्याला कारण होतं. शेजारच्या गावानं आपल्या एका जवानाच्या नावाची शिला बसवली होती आणि त्या कार्यक्रमाचा फोटो पेपरात आला होता. आता तो जवान, माझ्या मायच्या माहितीप्रमाणे, फौजेत भाजी चिरायला होता. (भाजी चिरणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. पलटणीला विचारा.) अण्णा दुकानावर आले, ट्रकच्या टायरवर सिंहासनासारखे बसले आणि म्हणाले, “पायलट, त्यांच्याकडं साधा जवान हाय अन् आपल्याकडं इमान चालवणारा! आपल्या गावाची इज्जत हाय का न्हाई? येशीच्या कमानीला शिला बसवू. हवाई वीरांची शिला. मंत्र्याला बोलावू.”

दादा पान्ह्यानं नट आवळत होते. “रहीमचं नाव टाकणार?”

“टाकू की! त्याला काय जातंय?” अण्णा म्हणाले. राजकारणातला माणूस शिलेच्या पहिल्या दिवशी काहीही टाकायला तयार असतो.

“मंग लावा,” दादा म्हणाले. स्वतःच्या नावाबद्दल अवाक्षर नाही. त्या जुमेरातीला त्यांनी बी-अम्माला बातमी सांगितली. म्हातारीनं डबा खाली ठेवला आणि हवेत बोटं हलवली, जणू दगड समोरच आहे. “पत्थर पो खोद के लिखेंगे ना बेटा? हात को लगे ऐसा?” दादा म्हणाले, “बिलकुल.”

काम अंबडच्या माणिक पेंटरकडं गेलं. हा गडी दुकानांच्या पाट्या, मोटारसायकलचे नंबर, निवडणुकीच्या भिंती आणि मेलेल्यांचे दगड असं सगळं एकाच ब्रशनं आणि एकाच छिन्नीनं उरकायचा. आळशी इतका की एकदा एका किराणा दुकानाच्या पाटीवर त्यानं मालकाचं आडनाव लांब होतं म्हणून दुसरं, छोटं लिहून दिलं. मालकानं पुढं तेच लावलं म्हणतात. शहाबादी फरशीचा पुरुषभर तुकडा आमच्या दुकानाच्या सावलीला आणून टाकला गेला, कारण गावात सावली फुकट मिळायची ती तिथंच. रीतीप्रमाणे मजकूर ठरला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात मंत्री. त्याखाली अध्यक्ष, त्याखाली प्रमुख उपस्थिती, मग विशेष उपस्थिती, मग नुसतीच उपस्थिती, मग सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, सर्व सदस्य, आणि या सगळ्या वीरांच्या तळाशी, फरशी संपता संपता, ते दोघं किरकोळ इसम ज्यांच्यासाठी दगड आणला होता.

पण मंत्री नक्की होईना. मुंबईहून निरोप यायचा, येतात. मग निरोप यायचा, बघतात. माणिक पेंटर छिन्नी हातात घेऊन बिड्या ओढत बसला. शेवटी तो म्हणाला, “अण्णा, मी खालून सुरू करतो. वरचे साहेब पक्के होईस्तोवर खालचं तरी उरकतो. मेलेला माणूस आयत्या वेळी कार्यक्रम रद्द करत न्हाई. अन् पायलट कुठं चाललाय? ह्यो काय, पंक्चर काढून राह्यलाय.” खालच्या ओळींतही अडचण होतीच, ती हुद्द्याची. दादा सार्जंट म्हणून निवृत्त झाले होते. अण्णांना सार्जंट हा शब्द फारच साधा वाटला. त्यांना कॅप्टन हवा होता. दादा ऐकेनात. म्हणून हुद्दा न लिहिता नुसती नावं कोरली: ‘शेख रहीम शेख करीम’ आणि खाली ‘किसन सोनाजी’. रहीमचं आधी घ्यायचं, एवढं एकच दादांनी पेंटरला बजावलं होतं. पेंटरनं मन लावून कोरली. सावली होती, आमच्या घरून चहा येत होता आणि दुसरं काही काम नव्हतं. छिन्नीची टकटक आणि कॉम्प्रेसरची घरघर यांची जुगलबंदी अशी रंगली की जाणारे ट्रक ताल धरायचे.

मंत्र्यानं नाही म्हटलं. मग आमदार आले, म्हणजे खडूनं फरशीवर आले. ओल्या फडक्यानं गेले. मग कारखान्याचे चेअरमन आले, त्यांना दुसऱ्या गावात बोअरचं उद्घाटन निघालं. पेंटर शहाणा झाला. म्हणाला, “एकदा छिन्नी लागली की दगड माघारी घेत न्हाई. पाहुण्यांची नावं मी ऑइल पेंटनं लिहितो. पुसायला रॉकेलचं फडकं बराबर चालतं.” सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. पुढचे काही दिवस आमच्या दुकानाला रॉकेलचा वास आणि फरशीवर मोठमोठ्या लोकांची ये-जा. अखेर पंचायत समितीचे सभापती पक्के झाले. त्यांनी अट घातली की सोबतच्या मंडळींचीही नावं हवीत. मंडळी एवढी की फरशी भरली आणि ‘स्वागतोत्सुक: समस्त तरुण मंडळ’ ही ओळ बाहेर लोंबायला लागली. तरुण मंडळाला वगळायचं म्हणजे येत्या निवडणुकीला मुकायचं. अण्णांनी फरशीकडं पाहिलं, वरून खाली नजर आणली आणि ती बरोबर रहीमचाचांच्या नावावर येऊन थांबली.

“ह्ये भरून टाक सिमेंटनं. घासून सपाट कर,” अण्णा पेंटरला म्हणाले. “ह्यो काय इमानात थोडाच मेला? जमिनीवर मेला. शिला हवाई वीरांची हाय.”

दादा उभे राहिले. “मंग माझंही भरा. मी पण जमिनीवरच होतो.”

“पायलट, आता लई झाली नाटकं!” अण्णा भडकले. मग त्यांना वाटाघाटी आठवल्या, आवाज खाली आला. “असं कर. सभापतीसमोर तू भाषण ठोक. कसं उडालास, कसा बॉम्ब टाकलास, तुझी बायको सांगती तसं. पेपरवाले येऊन राह्यलेत. तू पायलट म्हणून बोललास तर रहीमचं नाव राहील, तरुण मंडळाला मी समजावतो. न्हाई बोललास तर दुसऱ्या दिवशी सिमेंट.”

दादांनी खाली वाकून रहीमच्या नावावरची धूळ पुसली. आणि ज्या माणसानं जन्मात गिऱ्हाइकाला नसलेलं पंक्चर दाखवलं नाही, तो म्हणाला, “बरं. बोलतो.”

घरी मायला आनंदानं वेड लागायची वेळ आली. तिची सगळी विमानं आता नवऱ्याच्या तोंडून उडणार होती. ती त्यांना पाठ घ्यायला बसली. “म्हणा, मी ढगात शिरलो.” दादा भाकरीकडं बघत म्हणायचे, “मी ढगात शिरलो.” “अहो, असं नका म्हणू, संडासात शिरल्यावानी! जोर लावा!” मी हसून हसून ताटावरच आडवी झाले. मग बघितलं तर दादांचा घास तसाच हातात होता. मायनंही ते पाहिलं. तिनं ताटात आणखी आमटी वाढली आणि त्या दिवसापुरतं कराचीला सुट्टी दिली.

कार्यक्रमाचा दिवस म्हणजे गावाची शोभा पाहत राहावी अशी. कमानीच्या खांबात फरशी बसवली, तिच्यावर गुलाबी साटीनचा पडदा. लाऊडस्पीकर असा की घनसावंगीला लोकांनी घड्याळं लावली असतील. नुक्तीच्या, म्हणजे गोड बुंदीच्या, टोपल्या शाळेच्या खोलीत कुलूपबंद, कारण आमच्या गावची देशभक्ती नुक्तीच्या वासानं लवकर बिघडते. सभापती उशिरा आले, म्हणजे त्यांच्या मानानं वेळेवर आले. येताना त्यांच्या एका मेहुण्याला सोबत आणलं, तेव्हा माणिक पेंटरनं पडद्याखाली डोकं घालून घाईघाईनं मेहुण्याचं नाव चढवलं आणि बाकीच्यांनाही जरा उजळा दिला. बी-अम्माला मी हात धरून आणलं होतं. पांढरी शुभ्र ओढणी, डोळ्यांत सुरमा. “बेबी, लिखेला है ना?” ती दर पावलाला विचारायची. मी म्हणायची, “हौ बी-अम्मा.” सिमेंटचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दादांना माइकसमोर उभं केलं. निळसर कोट आता पोटावर बसत नव्हता, तरी घातला होता. मायनं खालून ओठांनी ‘ढगात’ म्हटलं. दादांनी घसा खाकरला.

“मी किसन. मी इमान चालवलं न्हाई. मी अन् रहीम चाकं बदलायचो.”

गावानं टाळ्यांचा असा कडकडाट केला की कमानीवरची कबुतरं थेट अंबडला जाऊन बसली. अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता, पण टाळ्या ऐकून त्यांनी तो झटकन बदलला आणि शेजारचा माइक ओढला. “बघा मंडळी! ह्याला म्हणतात नम्रता! एवढे बॉम्ब टाकले, पण तोंडातून शब्द न्हाई!” पुन्हा टाळ्या. सभापतींनी मान डोलावली. खरं बोलून माणूस सुटत नाही तो असा. दादा थांबले आणि टाळ्या संपल्यावर तसेच पुढं बोलले, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

“त्या संध्याकाळी बॉम्ब पडले. रहीम चाकापाशी होता. मी चहा आणायला गेल्तो. माघारी आलो तर त्याचा चहा माझ्या हातातच राह्यला. त्याच्या आधी त्यानं ज्या इमानाचं चाक बसवलं होतं, ते इमान सकाळी त्याच चाकावर गेलं. चाक नीट होतं. एवढंच सांगायचं होतं.”

यावर टाळ्या कशा वाजवायच्या हे गावाला कळेना. माय पदर तोंडाला लावून बसली होती. इतकी वर्षं ती बॉम्ब टाकत होती. पडलेला बॉम्ब तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. अण्णांनी घोषणा देऊन सभा सावरली, सभापतींना घाईनं कमानीकडं नेलं आणि दोरी हातात दिली. दोरी ओढली, पण पडदा सुटेना. मेहुणा ओला होता ना. दुसऱ्या हिसक्याला साटीन सुटलं, ते मेहुण्याचं अर्धं नाव घेऊनच. फोटो निघाले. अण्णा जाता जाता पेंटरच्या कानात बोलले, पण कुजबुज करायची सवय नसल्यानं ते मलाही ऐकू आलं: “उद्या सिमेंट घेऊन ये.”

मी बी-अम्माचा हात धरला आणि गर्दीतून घुसले. काय करणार होते ते मला तरी कुठं माहीत होतं? नाव भरून जायच्या आधी तिचा हात एकदा तरी लागावा, एवढंच डोक्यात. “ए पोरी, फोटो चाललाय!” कुणीतरी ओरडलं. आम्ही सभापतींच्या आणि दगडाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलो. वाकलेली म्हातारी, तिचा हात सरळ पुढं गेला तो बरोबर तळाशी. वर मानाच्या जागी नाव असतं तर तिला शिडी लागली असती. बोटं पहिल्या अक्षरात शिरली. ती उर्दू वाचायची, मराठी नाही. अक्षराची ओळख तिला नव्हतीच. “ये है?” तिनं विचारलं. दादा मागं येऊन उभे राहिले होते. “हे रहीम,” ते म्हणाले आणि तिचं बोट एकेका अक्षरातून फिरवलं. “हे त्याच्याखाली, हा मी.” म्हातारी पुटपुटत दुआ म्हणायला लागली. भोंगा बंद पडला होता, की कुणी बंद केला, मला आठवत नाही.

मग तिला वाटलं असावं, एवढी माणसं जमली म्हणजे वर आणखी काही असेल. तिनं हात वर नेला. तळवा सावकाश फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर्व सदस्यांवरून, ग्रामसेवकांवरून, अण्णांवरून आणि टाचा उंचावून सभापतींवरून. मग मागं वळून, बहिऱ्याशी बोलावं अशा खणखणीत आवाजात म्हणाली:

“किसन, ऊपर तो कुछ भी नै रे! सब सपाट है! बस चिकट-चिकट लग रा. दोईच नावां के वास्ते इत्ते लोगां आए? अल्ला सब का भला करे!”

आणि तिनं तो हात, पांढऱ्या रंगानं माखलेला, आशीर्वादासाठी समोर धरला. समोर सभापती होते. त्यांना मान वाकवावी लागली. सभापतींच्या काळ्या केसांवर त्यांचंच नाव उमटलं, असं मी पुढं वर्षानुवर्षं सांगत आले. खरं तर नुसता पांढरा फराटा उमटला होता. पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण नंतर सगळा गाव हसत होता, आणि हसता हसता बरेच जण डोळे पुसत होते. अण्णांनी दगडाकडं बघितलं, तर वरच्या सगळ्या मंडळींचा चुना झालेला आणि खाली दोन ओळी कोरड्या ठणठणीत. त्यांनीच पेंटरला जवळ बोलावलं. “राहू दे ते सिमेंट,” म्हणाले. साऱ्या गावासमोर म्हातारीनं बोटानं वाचलेलं नाव भरून टाकायची छाती आमच्या तालुक्यात तरी कुणाला नव्हती. घरी नेऊन मी बी-अम्माचा तळवा रॉकेलनं पुसला. “क्या लगा था गे?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “पाहुणे.”

बी-अम्मा असेपर्यंत दर जुमेरातीला आधी कमानीशी जायची, मग डबा घेऊन दुकानात. तिच्या बोटांनी ती ओळ अशी गुळगुळीत झाली आहे की उन्हात चमकते. दादा गेल्यावर मायनं खालची ओळ चमकवायचं काम घेतलं. शेवटपर्यंत ती नातवंडांना सांगायची, “तुमचे आजोबा चाकं बदलायचे,” आणि मग चाकाचा आकार आमच्या घराएवढा सांगायची. वरचा रंग म्हणाल तर पहिल्याच पावसाळ्यात सभापती ओघळले. पुढच्या सरपंचानं स्वतःच्या लोकांची नावं चढवली, त्यापुढच्यानं त्याची पुसली. माणिक पेंटरचा धंदा त्या एका फरशीवर म्हातारपणापर्यंत चालला.

परवा गावातली नवी मंडळी माझ्याकडं जालन्याला आली होती. पोरं गुणी आहेत, मोबाइलवर चित्र दाखवत होती: चकचकीत ग्रॅनाइट, मागं लढाऊ विमान, विमानात दादांचा फोटो बसवलेला, डोक्यावर हेल्मेट. “ताई, हवाई वीरांना भव्य करायचंय,” त्यातला पुढारी म्हणाला. “जुनी फरशी काढून टाकतो. पाहुण्यांची नावंही मावत न्हाईत तिच्यावर.”

मी त्यांना चहा दिला, नुक्ती दिली. मग म्हटलं, “बाबांनो, फरशीला धक्का लावू नका. पाहुणे बोलवा, मंत्री बोलवा, मेहुण्यांसकट बोलवा. वर ज्यांची लिहायची त्यांची नावं लिहा, माझी हरकत नाही. फक्त रंगानं लिहा.”